‘सर्व्हर डाऊन’ नावाची थाप

गेल्या आषाढातली गोष्ट. रत्नागिरीतल्या एका कचेरीत काही कामासाठी गेलो होतो. पाऊस असा की रस्त्याच्या पलीकडचे दुकान दिसू नये. माझ्या पुढे एक म्हातारी उभी होती, दोन एस्‌.टी. बदलून आलेली, छत्रीचे पाणी पायाशी निथळते आहे, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धरलेले. खिडकीतल्या पोराने वर न पाहताच सांगितले, “आजी, सर्व्हर डाऊन आहे. उद्या या.” म्हातारीने सर्व्हर म्हणजे कोण हे विचारले नाही. कुणी साहेब आजारी पडला असावा अशा समजुतीने तिने मान हलविली आणि ती बाकावर टेकली.

मी पोराला म्हटले, “बाबा रे, तुझ्या पडद्यावर काय लिहिले आहे ते वाच पाहू.” त्याने वाचले, “टाइम-आऊट.” मी म्हटले, “मग सर्व्हर डाऊन आहे हे तुला कुणी सांगितले?” तो हसला. “काका, एकच ते!”

वाचकहो, एकच नव्हे! आणि ते एकच आहे असे मानण्याची जी सवय आपल्या कचेऱ्यांना, पतपेढ्यांना, इस्पितळांना लागली आहे, तिच्याशी भांडण्यासाठीच हा लेख आहे. माझे निम्मे आयुष्य यंत्रांच्या थंडगार खोल्यांत गेले. ज्या युनिक्स नावाच्या व्यवस्थेचा पाया १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ह्यांनी घातला, तिच्या वंशातल्या यंत्रांची मी चाकरी केली. म्हणून हे भांडण मांडण्याचा थोडा अधिकार मला आहे. आणि पुढे दिसेल, थोडे पापही माझ्या पदरी आहे.

टाइम-आऊट म्हणजे काय? एका यंत्राने दुसऱ्याला प्रश्न विचारला, ठरल्या सेकंदांत उत्तर आले नाही, आणि विचारणाऱ्याने वाट पाहणे सोडले. बस, एवढेच. ही मेल्याची बातमी नव्हे. ही उत्तर न आल्याची बातमी आहे. लग्नाच्या बोलणीत मौन म्हणजे संमती असेल. यंत्राच्या बाबतीत मौन म्हणजे नुसते मौन. सर्व्हर जागा आहे पण त्यावरचा तो कार्यक्रम बंद आहे, असे असेल तर यंत्र तत्काळ साफ नकार देते: ह्या दारी कुणी नाही. नकार हे उत्तर आहे. टाइम-आऊट हे उत्तरच नव्हे. नकार आणि मौन ह्यांतला हा फरक ज्याला कळला, त्याचे निम्मे निदान झाले.

आता हे मौन कशाकशाने येते पाहा. वाटेतली तार तुटली असेल. वाटेवरच्या पहारेकऱ्याने, ज्याला फायरवॉल म्हणतात, प्रश्न मुकाट्याने गिळला असेल. प्रश्न यंत्रापर्यंत पोहोचला असेल, पण आतला डेटाबेस एखाद्या कुलपापाशी तिष्ठत असेल: एका कारकुनाने खातेवहीचे पान उघडून ठेवले, काम अर्धे टाकून तो चहाला गेला, आणि त्याच पानासाठी मागे चाळीस जणांची रांग लागली. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसात तर अशा कुलपापाशी किती वेळ थांबायचे ह्याला मुळात मर्यादाच घातलेली नसते. ती आपण घालायची असते. मायएसक्यूएलमध्ये ती साधारणतः पन्नास सेकंदांची असते. मग दहा सेकंदांत उत्तर मागणारा पाहारेकरी ‘मेला, मेला’ म्हणून ओरडला तर त्याचा दोष काय, आणि डेटाबेस मेला असे आपण समजलो तर आपल्या अकलेचे काय?

कुणी म्हणेल, “पण आम्ही पिंग करून पाहतो ना!” हे पिंग १९८३ साली माइक मूस ह्या गृहस्थाने लिहिले, पाणबुडी शोधणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून त्याला नाव दिले, आणि ते आजवर उत्तम काम करीत आहे. पण पिंगला उत्तर देतो तो यंत्राचा गाभा. डेटाबेसला त्याची गंधवार्ताही नसते. दारावरचा गुरखा सलाम करतो, म्हणून माडीवरचे शेठजी शुद्धीवर आहेत असे ठरत नाही. उलटही खरे: पुष्कळ ठिकाणी पिंगला उत्तर द्यायचेच नाही असा हुकूम असतो. गुरख्याने सलाम केला नाही म्हणून लगेच तिरडी बांधायला घेऊ नये.

आणखी एक गंमत. यंत्रांची प्रकृती विचारण्याची जी जुनी पद्धत आहे, एसएनएमपी नावाची, ती बहुधा साध्या पोस्टकार्डासारखी चालते. कार्ड टाकले, पोहोचले तर पोहोचले. वाटेत भिजून गेले तर ना पोस्ट सांगणार, ना पाठविणाऱ्याला कळणार. दुसरी पद्धत पोचपावतीच्या रजिस्टरासारखी. ज्या वाटेवर गर्दी आहे तिथे पोस्टकार्डे हरवतात आणि रजिस्टरे उशिरा पोहोचतात. दोन्हींचे दुखणे पडद्यावर एकाच शब्दाने दिसते: टाइम-आऊट!

आता माझे पाप. मुंबईत एका संस्थेत मी नोकरीला होतो. तिथे आमचा पाहारेकरी कार्यक्रम दर पाच मिनिटांनी डेटाबेसला एक साधा प्रश्न विचारी आणि दहा सेकंद वाट पाही. दिवसभर सारे सुरळीत. पण रात्री एक वाजता नेमाने घंटा वाजे. उठावे, पाहावे, तो सर्व ठीक. महिनाभर झोपमोड झाल्यावर साहेब म्हणाले, “ती मर्यादा साठ सेकंद करून टाका.” मी केली. घंटा थांबली. साहेब खूष, मी खूष, आमची कुटुंबे खूष. पाच महिन्यांनी, महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी अकरा वाजता सारे काम ठप्प झाले. पेन्शन घ्यायला आलेली माणसे जिन्यावर बसून होती. मग कळले ते असे: रोज रात्री एक वाजता डेटाबेसची नक्कल काढली जाई. जुन्या नोंदी कुणी कधी काढल्याच नव्हत्या. वही फुगत गेली, वीस मिनिटांची नक्कल तास खाऊ लागली, आणि अखेरीस ती रात्रीतून दिवसात शिरली. डिस्क तिच्यात गुंतलेली, बाकीचे सगळे उपाशी. ती घंटा आम्हांला पाच महिने आधी हेच सांगत होती. आम्ही काय केले? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! ताप उतरविण्याऐवजी आम्ही तापमापकावरचे आकडे खोडले.

ह्यावर व्यवहारी लोकांचा आक्षेप मला ठाऊक आहे. “खोट्या घंटा फार वाजल्या की खऱ्या घंटेकडेही कुणी लक्ष देत नाही.” हे शंभर टक्के खरे आहे, लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. मर्यादा कधीच वाढवू नये असे मी म्हणत नाही. मोजल्यावाचून वाढवू नये, एवढेच म्हणतो. उत्तराला एरवी किती वेळ लागतो हे आठवडाभर लिहून ठेवा. नऊ सेकंद लागत असतील तर दहाची मर्यादा मूर्खपणाची आहे. पाव सेकंद लागत असेल तर साठाची मर्यादा म्हणजे आत्मवंचना आहे. एका चुकल्या उत्तराने गाव जागे करू नका. लागोपाठ तीन चुकली तर करा. पण घंटेच्या तोंडात बोळा कोंबू नका.

आणि शोध कसा घ्यायचा, हे शिकायला आम्हां कोकणवासीयांना परदेशी जायला नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि आपल्या दापोली-मंडणगडाची दैना करून गेले. विजेचे खांब आडवे, मोबाइलचे मनोरे मुके. मुंबईतले चाकरमानी घरी फोन लावीत होते आणि पलीकडून काही येत नव्हते. त्यांतल्या कुणी “आई डाऊन आहे, उद्या बघू” म्हणून फोन खाली ठेवला का? छे! आईचा लागत नाही तर शेजाऱ्याचा लाव. शेजाऱ्याचा नाही तर वाडीतल्या दुसऱ्या कुणाचा. अख्खे गाव मुके असेल तर खेडला आतेभाऊ आहे, त्याला गाडी काढून जायला सांग. फोन मेला, मनोरा मेला की माणूस संकटात आहे, हे एकेक पायरी जवळ जाऊन लोकांनी शोधून काढले. यंत्राच्या निदानाची रीत तंतोतंत हीच आहे. नावाने हाक मारून उत्तर येत नसेल तर क्रमांकाने मारा. कदाचित नावांची वहीच हरवली असेल. दुरून उत्तर नसेल तर त्याच यंत्रावर बसून तोच प्रश्न विचारा. तिथे झटकन उत्तर आले तर दोष वाटेचा. तिथेही नसेल तर डेटाबेसच्या पोटात कोण कुणासाठी थांबले आहे त्याची यादी असते, ती वाचा. आणि रोज ठरावीक वेळीच हे घडत असेल, तर त्या वेळी दुसरे कोणते काम सुरू होते ते पाहा.

दुसरा धडा आपल्या कोकण रेल्वेचा. २६ जानेवारी १९९८ रोजी ही संपूर्ण वाट खुली झाली. तेव्हापासून दर पावसाळ्यात भर रात्री कंदील घेऊन गस्तवाले रूळ तपासत चालतात. गस्तवाला ठरल्या वेळी पुढच्या स्टेशनात पोहोचला नाही, तर स्टेशनमास्तर काय करतो? “येईल हो, पाऊस आहे” म्हणून त्याची वेळ तासाने वाढवीत नाही. तो गाडीच्या चालकाला सावधानतेचा हुकूम देतो, गाडी हळू न्यायला लावतो, आणि माणसाचा शोध घ्यायला पाठवितो. मौनाचा अर्थ ‘ठीक आहे’ असाही नाही आणि ‘मेला’ असाही नाही. मौनाचा अर्थ आहे ‘जाऊन पाहा’. गस्तवाल्याच्या कंदिलाला जो मान आपण देतो, तो यंत्राच्या घंटेला का देऊ नये?

म्हणून माझी मागणी साधी आहे. ‘सर्व्हर डाऊन’ ही पाटी बंद करा. त्या जागी लिहा: अमुक वाजल्यापासून अमुक यंत्राकडून उत्तर नाही, शोध चालू आहे, शोध घेणाऱ्याचे नाव हे. तीन ओळी पुरेत. ज्या दिवशी त्या पाटीवर माणसाचे नाव लिहावे लागेल, त्या दिवसापासून निम्मी मौने आपोआप बोलू लागतील, अशी माझी खात्री आहे.

त्या म्हातारीचे काय झाले? शेजारच्या टेबलावरचा संगणक त्याच सर्व्हरशी मजेत बोलत होता. पोराला म्हटले, “तो बोलतो आणि तुझाच का मुका?” पोर टेबलाखाली वाकले. तार खोबणीतून निम्मी निसटली होती. कधी लागे, कधी सुटे. त्याने अंगठ्याने दाबली, ‘टक्’ असा आवाज झाला, आणि दहा मिनिटांत आजींचा कागद हाती आला. जाताना तिने पोराला विचारले, “बरे वाटले का रे तुझ्या साहेबांना?”

पोर लाजले. निदान तेवढे तरी!