समासातल्या बायका

परवा मुलाच्या शाळेचा फॉर्म भरताना 'आईचा व्यवसाय' या रकान्यात ह्यांनी सरळ आडवी रेघ मारली. "अहो, हे काय?" म्हटलं, तर म्हणाले, "मग काय लिहू? तू घरीच असतेस ना!" तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून मी आत गेले. पण ती रेघ काही मनातून जाईना.

मैत्रिणींनो, त्यावरून मला एक जुनी पोथी आठवली. इंग्लंडमधल्या लिंकनशायर भागात सर जेफ्री लट्रेल नावाचे जमीनदार होते. इ. स. १३२० ते १३४० च्या सुमारास त्यांनी बायबलमधल्या स्तोत्रांची पोथी हाताने लिहवून घेतली. कातड्याच्या पानांवर मधोमध लॅटिन स्तोत्रं आणि भोवतीच्या समासात रंगीत चित्रं.

आणि चित्रं कसली? संत आहेत, चित्रविचित्र प्राणी आहेत आणि चक्क रोजची कामंही आहेत! एक बाई कोंबड्यांना दाणे घालतेय; काखेत मात्र लोकर गुंडाळलेली सूतकताईची काठी तशीच. म्हणजे एक काम करताना दुसरं आहेच बरोबर! कुणी चरखा फिरवतेय, कुणी लोकर पिंजतेय, कुणी मेंढीचं दूध काढतेय. एकीनं तर कताईची काठी नवऱ्यावरच उगारलीय. (हे चित्र ह्यांना दाखवायला हवं!)

जमीनदारांच्या मुदपाकखान्यात रांधणारे मात्र पुरुष. म्हणजे तिथे रांधणं हा 'व्यवसाय' झाला, नाही का?

माझं आवडतं चित्र कापणीचं. दोघी वाकून विळ्यानं पीक कापताहेत. तिसरी मात्र सरळ उभी राहून, पाठीला हात लावून आळस देतेय. ही चित्रं जमीनदारांच्या पैशानं काढलेली, त्यामुळे सगळ्यांचे कपडे कसे नीटनेटके. पण चिताऱ्याला ती दुखरी पाठ दिसली खरी! तिचं नाव कुणाला ठाऊक नाही. पाठ मात्र सातशे वर्षं टिकली. १९२९ साली ब्रिटिश म्युझियमनं ही पोथी ३१,५०० पौंडांना घेतली. आता ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

आपल्यासाठी कुठला चितारी येणार? पण भिंतीवर कॅलेंडर आहे ना! दुधाचे खाडे आपण त्यावर लिहितोच. त्याच चौकोनात रोज आपलं एक काम लिहा: 'लोणचं घातलं', 'सासूबाईंना डॉक्टरकडे नेलं', 'गाद्यांना ऊन दाखवलं'. महिनाअखेर जेवताना सगळ्यांना वाचून दाखवा. भांडण नको, नुसतं वाचायचं.

आणि तो फॉर्म? त्या रेघेच्या वर मी ठळक अक्षरात लिहिलं, 'गृहिणी'. मग जरा सरळ उभी राहिले आणि पाठ ताणली.