चाकांवरचें घर : एकसंध कीं जोडलेलें ?

किनवटहून माहूरची रेणुका म्हणजे सुमारें पन्नास किलोमीटरांची वाट. तरुणांस ती कांहींच नव्हे. परंतु पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसास वाटेंत पाठ टेकण्यास जागा आणि स्वच्छ शौचकूप हीं दोन्ही देवदर्शनाइतकींच महत्त्वाचीं वाटतात. "भाऊजी, आतां मी कोठें येत नाहीं, तुम्ही जाऊन या," असें आमच्या वडील वहिनी म्हणाल्या, तेव्हांपासून घरांत चाकांवरच्या घराचा विचार सुरू झाला. थोरल्या पुतण्याचें मत, जुनी घरगाडी घ्यावी. धाकट्याचें, मोटारीमागें ओढगाडी जोडावी. पैसा सामाईक शिलकेंतला. तेव्हां दोघांचें बोलणें हळूहळू तुटक होऊं लागलें. अखेर निवाडा आमच्याकडे आला.

घरगाडींत यंत्र आणि घर एकाच सांगाड्यावर असतात. ओढगाडींत ते वेगळे. ओढगाडीचा एक मोठा प्रकार अमेरिकेंत 'पांचवें चाक' या नांवानें ओळखला जातो. हें चाक जमिनीवर फिरत नाहीं. चार चाकांच्या घोडागाडीचा पुढील आंस वळावा म्हणून त्यावर आडवें लोखंडी कडें बसवीत, त्याचें हें नांव. आज तशी तबकडी ओढणाऱ्या गाडीच्या मागील आंसावर असते आणि घराच्या पुढील भागाचा खुंट तींत अडकतो. घराच्या वजनाचा सुमारें पंचमांश त्या गाडीच्या पाठीवर येतो, म्हणून घर मागें डुलत नाहीं. परंतु त्यासाठीं उघड्या हौद्याचा दणकट पिकअप पाहिजे. आपल्याकडे ही जोडणी दिसते ती बंदरावरून लोखंडी पेट्या वाहणाऱ्या ट्रेलरांस. म्हणून आपल्यापुरता प्रश्न जुनी घरगाडी कीं मोटारीच्या आंकड्यास लावलेली लहान ओढगाडी, इतकाच उरतो.

ओढगाडीचा गुण मोठा आहे. मुक्कामावर घर सोडलें म्हणजे मोटार औषधाला, भाजीला मोकळी. यंत्र बिघडलें तरी घर शाबूत. परंतु उसाच्या हंगामांत ट्रॅक्टरमागें ट्रॉल्या ओढणाऱ्या कोणाही चालकास विचारावें, ट्रॉली मागें घेणें म्हणजे काय तें. स्टिअरिंग डावीकडे फिरवावें, तों ट्रॉली उजवीकडे जाते ! घाटाच्या वळणावर समोरून एसटी उभी असतां ही विद्या शिकतां येत नाहीं. शिवाय चालत्या ओढगाडींत माणसें बसवूं नयेत. म्हणजे ज्यांच्यासाठीं हा खटाटोप, त्यांना शौचास जातांना भर उन्हांत अथवा पावसांत मोटारींतून उतरून मागच्या घरांत चढावें लागणार. घरगाडींतही गाडी चालत असतां पट्टा बांधून आसनावरच बसावें हें खरें. पण ती थांबली कीं चार पावलांवर सर्व सोय.

तथापि 'जुनी' या शब्दांत खरी मेख आहे. वाहन पाहावयाचें तें पावसाळ्यांत पाहावें. छताचे सांधे गळत असतील तर कोपऱ्यांस कुबट वास येतो आणि भिंत बोटानें दाबतां मऊ लागते. टायरची नक्षी पाहून भुलूं नये, त्याचें वय वाचावें. बगलेवर चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कागदपत्रें त्याहून महत्त्वाचीं. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें वाहनांत मनास येईल तसा फेरफार करतां येत नाहीं. प्रवासी टेंपोंत कोणी परस्पर पलंग आणि शेगडी बसविली असेल, तर नोंदणीपत्रांत ती गाडी कोणत्या वर्गांत लिहिली आहे हें आधीं पाहावें. ओढगाडीसही नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांक तिजवर दिसावा लागतो.

एवढें सर्व पुतण्यांस सांगून झाल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, जिच्यासाठीं हा वाद, तिला कोणीं विचारलेंच नाहीं. आम्हीं स्वयंपाकघराच्या दाराशीं जाऊन विचारलें. वहिनी क्षणभर थांबून म्हणाल्या, "पायऱ्या किती चढायच्या ? आणि धरायला दांडा आहे का ?" आम्हीं तिघांनींही यंत्र, वजन, किंमत यांचा ऊहापोह केला होता, पायरीची उंची कोणींच मोजली नव्हती.

महाराष्ट्र शासनानें २०२१ मध्यें कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण केलें, आणि अशा गाड्या आतां भाड्यानेंही मिळतात. तेव्हां आमचा निवाडा असा : तूर्त कांहींच विकत घेऊं नये. चार दिवसांसाठीं घरगाडी भाड्यानें आणावी, थोरल्यानें ती चालवावी, धाकट्यानें टांक्या, गॅस आणि वीज पाहावी, आणि वहिनींनीं त्या पायऱ्या स्वतः चढून पाहाव्यात. दोघांसही हें पटलें. परवां दोघे मिळून पायरीची उंची विचारण्यास फोन करीत होते. वाचकहो, वडीलधाऱ्यांसाठीं कांहीं घ्यावयाचें झाल्यास प्रथम त्यांस विचारावें. पुष्कळसा वाद तेथेंच मिटतो.