पन्नास मीटरांची ओवाळणी

धुळ्याच्या माणसाने शिंपल्यांविषयी लिहावे, याचे कोकणातल्या वाचकांना हसू येईल. आमचा समुद्र भूगोलाच्या पुस्तकातला! पण शाळेच्या सहलीबरोबर रत्नागिरीस गेलो असता भाट्याच्या खाडीत ओहोटीला वाकून तिसऱ्या वेचणाऱ्या बायका दिसल्या, आणि एका मुलाने विचारले, "सर, हे शेत कोणाचं?"

कायद्याचे उत्तर असे. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने खाडीच्या काठाचा १०० मीटर, किंवा खाडीच्या रुंदीइतका, यांतला कमी असेल तो पट्टा नियमाखाली घेतला होता. जानेवारी २०१९ मध्ये नवी अधिसूचना निघाली आणि शंभराचे पन्नास झाले.

आता दुसरी बाजू. खारफुटी आणि जिवंत चिखलाची मैदाने नव्या नियमांतही कडक संरक्षणात आहेत. काठावरच्या माणसालाही घर हवे, त्याच्या मुलाला रोजगार हवा. हे सारे कबूल. पण शिंपला चिखलात राहतो आणि पाण्यावर जगतो. पाणी गाळून तो त्यातले सूक्ष्म अन्न खातो. पाण्यात मैला आला, तर त्यातली घाण त्याच्या अंगी साठते. एक्कावन्नाव्या मीटरवरच्या संडासाचे पाणी हद्दीचा दगड पाहून थांबणार आहे काय? सांडपाणी तसेच सोडायला बंदी आहे म्हणतात. आमच्या वर्गातही बोलायला बंदी आहे!

युरोपातही शिंपल्यांच्या पाण्यासाठी १९७९ साली केलेला खास कायदा २०१३ अखेर रद्द झाला. पण ते पाणी निदान नद्या-किनाऱ्यांच्या व्यापक कायद्याच्या पदराखाली घेतले गेले. जुने पांघरूण काढण्याआधी नवे घालावे, ही साधी रीत आहे.

आमच्या पांझरेकाठच्या फड पद्धतीत वरच्या शेतकऱ्याने मनास येईल तसे पाणी वळवायचे नसते. पाटकरी पाळीने पाणी देतो, कारण खाली कोणाचे तरी पीक उभे असते. खाडीतले पीक पाण्याखाली असते, डोळ्यांना दिसत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

भाऊबीजेची ओवाळणी भावाने स्वतःच्या खिशातून घालायची असते. येथे पन्नास मीटर बहिणीच्याच ताटातून काढले आणि बांधकामवाल्याच्या ताटात घातले! इमारती जरूर उठोत. पण आधी मैलापाणी शुद्ध करण्याची सोय व्हावी आणि खाडीचे पाणी नियमाने तपासले जावे. तोवर शंभराचे शंभरच राहू द्या. त्या मुलाला मी एवढेच सांगितले, "बाळ, जी वाकली आहे, तिचं."