आकडा खरा, निकाल खोटा

सन कंपनीचे अल्ट्रा १ हे वर्कस्टेशन १९९५ सालचे. ते जपणारी मंडळी आजही त्यावर एक शर्यत लावतात: एकदा सोलारिस चढवायची, एकदा लिनक्स, आणि मेमरीतला मोठा ठोकळा इथून तिथे नकलायला किती वेळ लागतो ते पाहायचे. सोलारिस पुढे गेली की म्हणायचे, तिची मेमरी-व्यवस्था सरस. यंत्र तेच, रॅम तीच, मग फरक ऑपरेटिंग सिस्टिमचाच! हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो चूक आहे.

मेमरीची पाने एकदा हाताशी आली की नक्कल करताना कर्नलला कुणी विचारतच नाही. राबते ते लायब्ररीतले मेमकॉपी. अल्ट्रा १ मधल्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरच्या व्हिस सूचनासंचात ६४ बाइट एका दमात उचलण्या-ठेवण्याची सोय आहे. त्या वाटेने लिहिताना जुनी ओळ आधी कॅशेत ओढावी लागत नाही. सोलारिस या प्रोसेसरसाठी खास मेमकॉपी सोबत देते. डेबियन या लिनक्स वितरणाची जुनी स्पार्क आवृत्ती मात्र ६४-बिटी कर्नलवर ३२-बिटी लायब्ररी चालवी, आणि सामान्य स्पार्कसाठी बांधलेल्या लायब्ररीला व्हिस ठाऊक नसते. म्हणजे हरले कोण? कर्नल नव्हे. मॅकव्हॉय आणि स्टेलिन यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या एलएमबेंच या चाचणीसंचात लायब्ररीची नक्कल आणि चाचणीची स्वतःची नक्कल वेगवेगळी मोजली जाते, ती याचसाठी.

उलट फसगतही होते. मागून घेतलेल्या, पण कधीच न लिहिलेल्या जागेतून वाचले, तर लिनक्स त्या सगळ्या पानांमागे शून्यांचे एकच भौतिक पान उभे करते. ३२ मेगाबाइटांचा स्रोत मग प्रत्यक्षात ८ किलोबाइटांचा उरतो, कॅशेत मावतो आणि आकडा फुगतो. चाचणीआधी स्रोतात काहीतरी लिहायलाच हवे.

म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमला महत्त्व नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. तिचे कर्तृत्व दुसरीकडे आहे. या प्रोसेसरच्या बाह्य कॅशेत प्रत्येक भौतिक पत्त्याची जागा ठरलेली असते. कर्नलने पाने बेफिकिरीने वाटली, तर ती एकमेकांना बाहेर ढकलत राहतात. पानांचे पत्ते लक्षात ठेवणाऱ्या, डेटाच्या टीएलबीत ६४ नोंदी, पान ८ किलोबाइटांचे: एकूण आवाका ५१२ किलोबाइट. त्यापलीकडे मोठी पाने देणारा कर्नल खरोखर वेळ वाचवतो, आणि सोलारिस ९ पासून प्रोग्रामला ती मागता येतात. पाइपमधून किंवा फाइल वाचताना होणारी नक्कल तर कर्नल स्वतःच करतो. दोन्हीकडे एकच मेमकॉपी बांधा, स्रोत लिहून घ्या, आणि मग पानांचा आकार बदलत मोजा. तो फरक मी सोलारिसच्या किंवा लिनक्सच्या नावावर आनंदाने मांडीन.