दाते मोजा, हवा मोजा!

होस्टेलवर ऑफ-रोडिंगचं वेड कुत्र्याच्या छत्र्यांसारखं पावसाळ्यात उगवतं. पहिला पाऊस पडला, मुळशी-भोरकडचे डोंगर हिरवे झाले, की ए विंगपासून डी विंगपर्यंत एकच रडगाणं: "गाडी खडकावर चढतच नाही यार, पॉवर कमी पडते!" मग सायलेन्सर बदल, एअर फिल्टर बदल, आणि शेवटी घरी फोन, "पप्पा, ही विकून मोठी गाडी घेऊया का?"

माझं स्पष्ट मत सांगतो. खडकाळ वाटेवर आपल्या गाड्या पॉवरपायी अडत नाहीत. त्या अडतात टायरमधल्या हवेपायी आणि स्प्रॉकेटच्या दात्यांपायी. या दोन्ही गोष्टी मोजता येतात. आणि मोजणं हेच तर आपण चार वर्षं शिकतो! पण थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरात गिअर ट्रेनचं गणित पैकीच्या पैकी सोडवणाऱ्या किती जणांना स्वतःच्या गाडीच्या मागच्या स्प्रॉकेटला किती दाते आहेत हे माहीत आहे? विचारून बघा. मी आमच्या मजल्यावर विचारलं, उत्तर आलं, "मिस्त्रीला विचारतो."

आधी हवेचं बघू, कारण ती फुकट आहे. फर्स्ट इयरला आपण पाठ केलं की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. लोखंडावर लोखंड घासताना ते बऱ्यापैकी खरं आहे. रबर मात्र या नियमाला जुमानत नाही. रबर खडकाच्या खाचाखोचांत दबून बसतं आणि त्या खाचांना धरून राहतं. जितकं जास्त रबर टेकेल, तितकी पकड जास्त. आता ढोबळ हिशोब करा. मागच्या चाकावर गाडी आणि तुम्ही मिळून १२० किलो भार आहे. ३० पीएसआय म्हणजे साधारण २.१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. म्हणजे जमिनीला टेकलेलं रबर सुमारे ५७ चौरस सेंटिमीटर. हवा २० वर आणली की तेच ८५ होतं. एक रुपया न खर्चता दीडपट! (टायरच्या भिंतीचा कडकपणा यात धरलेला नाही. ओरलला कुणी अडवलं तर तेवढं सांगा.)

"मग १० वर आणू की!" असं म्हणणारा एक तरी निघतोच. ट्रायल्सवाले मागच्या टायरमध्ये ५ पीएसआयच्या आसपास हवा ठेवतात हे खरं, पण त्यांची गाडी सत्तरेक किलोची, टायर खास तिच्यासाठी बनवलेला, आणि वेग चालण्याचा. आपली दीडशे किलोची, ट्यूबवाली. हवा फार कमी असताना धोंड्याच्या धारेवर आपटलं, की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि तिला साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. वर रिमला आऊट येतो तो वेगळाच. म्हणून चिखलात चालणारी हवा खडकात चालत नाही. दीडशे किलोच्या गाडीसाठी मी २२ पासून सुरुवात करा म्हणेन, फार तर २० ला या, त्याखाली नको. अजून एक, व्हॉल्व्हकडे नजर ठेवा. तो तिरका दिसू लागला म्हणजे टायर रिमवर सरकतोय आणि ट्यूबला ओढतोय. लगेच थांबा. रिम लॉक नसेल तर व्हॉल्व्हचा छोटा नट रिमला घट्ट आवळू नका, टोपणाकडे वर फिरवून ठेवा. व्हॉल्व्ह कललेला वेळीच कळेल.

आता टायर. मोठमोठ्या ठोकळ्यांचा नॉबी टायर दिसतो एकदम भारी, पार्किंगमध्ये ज्युनिअर्स वाकून बघतात. मऊ मातीत आणि सुट्या मुरमात तो खरोखर कामाचा, कारण ठोकळे आत रुततात. पण आपला सह्याद्री बेसॉल्टचा. कातळात ठोकळा रुतणार कुठे? तिथे मोजके कडक ठोकळे टेकतात आणि शेवाळलेल्या ओल्या दगडावर बर्फावरून गेल्यासारखे घसरतात. कातळावर मऊ रबर आणि जवळजवळ बसवलेले छोटे ठोकळे जिंकतात, ट्रायल्सचा टायर नेमका तसाच असतो. ऑस्ट्रियात आयझेनएर्ट्झच्या लोहखनिजाच्या खाणीत १९९५ पासून एर्झबर्ग रोडिओ नावाची शर्यत होते. तिथे 'कार्ल्स डिनर' नावाचा नुसत्या धोंड्यांचा एक टप्पा आहे. तिथले पट्टीचे रायडरही मागे अगदी मऊ रबराचे टायर लावतात. ट्यूबऐवजी आत फोमची कडी असते, म्हणून चिमटण्याची भीती नाही. पण ती नक्कल आपल्याला परवडणार नाही. मऊ रबर डांबरावर खोडरबरासारखं झिजतं, फोमची कडी हायवेच्या वेगाला तापून खराब होते, आणि आपल्याला तर रात्री मेस बंद व्हायच्या आत त्याच गाडीवर परत यायचंय. तेव्हा डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारा, ठोकळे फार विरळ नसलेला टायर घ्या. साइज कंपनीने दिलेलाच ठेवा. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याचा आकार बिघडतो, आणि पकड वाढते ती फक्त फोटोत.

तिसरी गोष्ट गिअरिंग. खडकात चालण्याच्या वेगाने जावं लागतं. गाडीचा पहिला गिअर तेवढा हळू नसेल तर आपण अर्धा क्लच दाबून ओढतो, प्लेटा तापतात, जळका वास येतो. पुढचा दगड येतो आणि गाडी बंद. अगदी आडवी होऊन! समजा पुढे १३ दाते आणि मागे ३९. रेशो ३. पुढचं स्प्रॉकेट १२ चं लावलं की रेशो ३.२५. चाकावरची ओढ ८ टक्क्यांनी वाढली. हेच मागून करायचं तर तीन दाते वाढवून ४२ लावावे लागतील, बहुधा चेनही लांब लागेल. पुढचं स्प्रॉकेट स्वस्त आणि बदलायला सोपं, म्हणून सुरुवात तिथून. उतारावरही फायदा: इंजिनचं ब्रेकिंग वाढतं, मागचा ब्रेक दाबून ओल्या दगडावर चाक लॉक करायची वेळ कमी येते.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. ज्या आरपीएमला ८० चा वेग होता तिथे आता ७४ मिळेल, हायवेवर इंजिन जास्त ओरडेल, अ‍ॅव्हरेज थोडं पडेल. पुढचं स्प्रॉकेट लहान झालं की चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते, म्हणून एका दात्याच्या पुढे जाऊ नका. आणि १२०/८०-१८ काढून १२०/९०-१८ टायर घातलात तर चाकाचा व्यास जवळपास ४ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे स्प्रॉकेटने दिलेल्यातलं निम्मं टायरने खाल्लं! गणित न करता पार्ट बदलणाऱ्यांचं असंच होतं.

हे सगळं मी पैसे वाचावेत एवढ्यासाठी लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या विंगमधला एक मित्र खडकासाठी कमी केलेली हवा तशीच ठेवून हायवेने परत निघाला. वेगात मागचा टायर तापला, रिमवर सरकला, व्हॉल्व्ह उपटला. मागून ट्रक येत नव्हता म्हणून फक्त कॉलरबोनवर निभावलं. खडकावर पडलेला माणूस कपडे झटकून उठतो, हायवेवर पडलेल्याची खात्री नाही. त्यामुळे हवा कमी करणाऱ्याच्या पाठपिशवीत गेज आणि पंप असलाच पाहिजे. डांबर लागलं की आधी हवा, मग चहा.

शेवटी स्टाफला एक विनंती. सर, मुलं डोंगरात जाणारच आहेत, नोटीस लावून थांबणार नाहीत. त्यापेक्षा पावसाळ्यात शनिवारी दोन तास वर्कशॉप उघडं ठेवा. एक प्रेशर गेज, दोन टायर लिव्हर, चार पाने, एवढंच लागेल. ट्यूब कशी बदलायची, चेनचा ताण कसा बघायचा, रेशो कसा काढायचा, हे तिथे शिकू. जर्नलमधल्या एखाद्या प्रॅक्टिकलपेक्षा ते नक्की जास्त लक्षात राहील.

आणि मित्रांनो, किल्ल्याच्या पायऱ्यांवर गाडी घालू नका. तीनशे वर्षं टिकलेला दगड आपल्या रीलसाठी झिजवायला कुणी बांधला नव्हता. बैलगाडीच्या वाटा पुष्कळ आहेत. फक्त निघण्याआधी खाली वाका आणि दाते मोजा.