परळचे ऋण आणि पेण-रोह्याचा हक्क

मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी एका मुलीचा जन्म झाला. शास्त्रीय नोंदींनिशी सिद्ध झालेली ती भारतातील पहिली 'टेस्ट ट्यूब बेबी'. या यशामागे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचे परिश्रम होते. रुग्णालय पालिकेचे, संस्था केंद्र सरकारची. म्हणजेच स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करून गर्भाशयात सोडण्याची ही विद्या महाराष्ट्रात सिद्ध झाली ती करदात्याच्या पैशावर, हे विसरता कामा नये.

आनंदकुमारांचे मोठेपण मात्र तेवढ्यावर थांबत नाही. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ रोजीच असे मूल जन्मास आल्याचे जाहीर केले होते. इंग्लंडमधील पहिल्या अशा बालिकेच्या जन्माला तेव्हा जेमतेम सत्तर दिवस झाले होते. शासकीय समितीने मुखोपाध्याय यांचा दावा फेटाळला, त्यांच्या वाट्याला अवहेलना आली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. पुढे त्यांची टिपणे आनंदकुमारांच्या हाती आली. ती अभ्यासून १९९७ मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिले की, पहिलेपणाचा मान मुखोपाध्याय यांचाच आहे. स्वतःच्या नावावर जमा झालेले श्रेय ज्याचे त्याला परत करणारी माणसे विज्ञानातही विरळाच.

श्रेय परत झाले, फळाचे काय? सार्वजनिक रुग्णालयात रुजलेली ही विद्या आज प्रामुख्याने खासगी केंद्रांत नांदते. पेणच्या गणपती कारखान्यात मूर्ती रंगविणारा कारागीर किंवा रोह्यानजीक धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार यांचा तेथे पाड कसा लागावा? उपचाराच्या एका आवर्तनाचा खर्च लाखाच्या घरात जातो आणि त्यात यशापेक्षा अपयशाचीच शक्यता अधिक असते. अपयश आले की पुन्हा तेवढाच खर्च. दागिने मोडून वा कर्ज काढून खेळावा लागणारा हा जुगार आहे. एकट्या कुटुंबाला न पेलणारी जोखीम समाजाने वाटून घ्यावी, हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्व येथेही लागू पडते.

यावर आक्षेप ठरलेला आहे : एवढ्या लोकसंख्येच्या देशात मुलांसाठी सरकारने खर्च का करावा? परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७, म्हणजे लोकसंख्या स्थिर ठेवणाऱ्या २.१ या पातळीच्याही खाली आला आहे. शिवाय कुटुंबनियोजन म्हणजे केवळ नसबंदी नव्हे. मूल नको असणाऱ्यांसाठी शिबिरे भरविणाऱ्या शासनाने मूल हवे असणाऱ्यांकडे पाठ फिरवावी, हा न्याय नव्हे.

शिवाय प्रत्येक जोडप्याला या महागड्या उपचाराची गरज नसते. दोष पुष्कळदा साध्या तपासण्यांत उमगतो. जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडेही कारण असते. तरी सुनेची कूस उजवत नाही म्हणून बोल लागतो तो तिलाच, आणि नवस-उपासही तिच्याच माथी येतात. गर्भनलिका बंद होण्यामागे क्षयरोग असू शकतो, आणि तो वेळीच ओळखला तर औषधाने बरा होतो. तेव्हा वीर्यतपासणी, संप्रेरकांची तपासणी, सोनोग्राफी आणि दोघांना एकत्र बसवून दिला जाणारा सल्ला ही पहिली पायरी पेण आणि रोहा येथील उपजिल्हा रुग्णालयांत ठरलेल्या वारी, विनामूल्य मिळाली पाहिजे. पुढील उपचारांची सोय अलिबागच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात टप्प्याटप्प्याने करता येईल. शेजारच्या गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या शासकीय महाविद्यालयात हा उपचार मोफत सुरू केला. लहान राज्याला जे सुचले, ते महाराष्ट्राला अवघड का वाटावे?

संसदेने २०२१ मध्ये या केंद्रांच्या नोंदणीचा व नियमनाचा कायदा केला, हे योग्यच झाले. परंतु नियमन म्हणजे उपलब्धता नव्हे. आनंदकुमारांनी श्रेयाच्या बाबतीत जो न्याय केला, तोच फळाच्या बाबतीत करणे आता शासनाच्या हाती आहे. परळला जनतेच्या पैशाने जे सिद्ध झाले, त्यावर पेण-रोह्याच्या जोडप्यांचाही हक्क आहे. त्यांच्यावर तो उपकार नव्हे.