चर्चासत्रातील भुकेला श्रोता

जालना १ मे १९८१ रोजी जिल्ह्याचे ठिकाण झाले आणि त्याबरोबर कार्यशाळा, चर्चासत्रे व आढावा बैठकाही ओघाने आल्या. पाणलोटापासून पोषण आहारापर्यंत कोणताही विषय त्यांना वर्ज्य नाही. अशा सभांच्या मागच्या रांगेत एखादा तरुण श्रोता हटकून दिसतो. विषय त्याने वाचलेला नसतो. निमंत्रणपत्रिकेवरील 'भोजन' हा शब्द मात्र त्याच्या नजरेतून सुटलेला नसतो. संयोजक एकमेकांकडे पाहून हसतात. वास्तविक त्यांच्या रिकाम्या खुर्च्या भरणारा तोच! शिवाय जेवण भाषणांनंतर असल्यामुळे आभारप्रदर्शनापर्यंत बसून राहणाराही बहुधा तोच.

हा श्रोता अनेकदा एखाद्या कार्यालयातील प्रशिक्षणार्थी असतो. राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली, तेव्हा बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. त्याच वर्षीच्या केंद्राच्या इंटर्नशिप योजनेत तर ही रक्कम ५,००० रुपयेच होती. सहा हजार म्हणजे दिवसाला दोनशे. मंठ्याहून वा भोकरदनहून येऊन जालन्यात राहणाऱ्याने त्यातच खोलीचे भाडे, खाणावळ आणि प्रवास भागवावयाचा. त्यातही विद्यावेतन हजेरीची नोंद झाल्यावर खात्यात जमा व्हावयाचे; खाणावळवाल्याला मात्र पैसे आगाऊ हवे असतात. चर्चासत्राची वाट धरली जाते ती येथून.

उपाशीपोटी शिक्षण होत नाही, हे तत्त्व शासनाला अपरिचित नाही. शालेय मध्यान्ह भोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळांतून शिजविलेले अन्न मिळू लागले. परंतु ही थाळी आठवीपाशी थांबते. नववीत पाऊल टाकताच भूक शमते, हा शोध कोणत्या चर्चासत्रात लागला, कोण जाणे! १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरालाही कामावर सुकडी मिळत असे. २०२० मध्ये सुरू झालेल्या शिवभोजन थाळीचा आधार खरा, पण थाळ्यांची संख्या ठरावीक आणि वेळ कचेरीतील कामाची.

पूर्वीची मुले माधुकरी मागून, वार लावून शिकली, असे यावर कोणी म्हणेल. त्या घरांची दारे सर्व जातींच्या मुलांना उघडी नव्हती, म्हणूनच शाहू महाराजांना कोल्हापुरात वसतिगृहे काढावी लागली आणि भाऊराव पाटलांना साताऱ्यात. शिवाय माधुकरी मागणारा विद्यार्थी कोणाच्या कचेरीतील नोंदवह्या भरीत नव्हता. आजचा प्रशिक्षणार्थी त्या भरतो, अर्ज तपासतो, लोकांना रांगेत उभे करतो. त्याच्या भोजनाला भिक्षा म्हणण्याचे कारण नाही.

चर्चासत्राच्या अंदाजपत्रकात अल्पोपाहार व भोजन यांची तरतूद न विसरता केली जाते. प्रशिक्षणार्थ्यांच्या दुपारच्या जेवणासाठीही तशीच तरतूद करावी आणि विद्यावेतनातील निम्मी रक्कम महिन्याच्या आरंभी द्यावी. त्यासाठी मंत्रालयातून आदेश निघावे लागतील. तोपर्यंत जालन्यातील संयोजकांनी भोजनकक्षाच्या दाराशी बिल्ले तपासणारा माणूस उभा करू नये.